चेंगडूचा मुक्काम

श्रीरंग आवटी विट्याच्या कॉलेजात भूगोल शिकवायचा. चीनच्या नकाशात लान्झो कुठे आहे हे त्याला न बघताही दाखवता आलं असतं: वायव्येला, पिवळी नदी डोंगरांच्या चिंचोळ्या पट्टीतून जाते तिथे. त्याची एकुलती एक मुलगी ओवी तिथल्या एका संशोधन संस्थेत वाळू धरून ठेवणाऱ्या गवतांवर काम करत होती. वाळवंट पुढे सरकू नये म्हणून तिकडे माळच्या माळ गवताच्या चौकटींनी विणून काढतात. ओवी फोनवर म्हणायची, "बाबा, आपल्या आटपाडीच्या माळावर हे एकदा लावून बघायचं." श्रीरंग म्हणायचा, "ये तर आधी."

ती यायच्या आधी तिला ताप आला. साधा ताप, आला तसा उतरलाही. पण विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचला होता. आठवड्याभरात ओवीला जिना चढवेना, मग बोलताना धाप लागायला लागली आणि एका सकाळी तिची सहकारी लीन हिचा फोन आला. ओवीला अतिदक्षता विभागात नेलं होतं. तिच्या हृदयाचं काम आता पलंगाशेजारचं एक यंत्र करत होतं. रक्त नळीतून बाहेर घ्यायचं, त्यात प्राणवायू भरायचा, परत आत सोडायचं.

डॉक्टर फोनवर चिनी भाषेत बोलत होते आणि फोन ते मराठीत सांगत होता. "हृदयाला विश्रांती देतोय. कधीकधी ते सावरतं. तुम्ही यावं असं मला वाटतं."

"कधीपर्यंत?" शुभदाने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "जमेल तितक्या लवकर."

शुभदा ओवीची आई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. लहानपणी खो-खो खेळायची, जिल्ह्याच्या संघात होती. त्या खेळात दुखावलेला उजवा गुडघा पुढे झिजत गेला, दोनदा शस्त्रक्रिया झाली, आणि आता ती शाळेच्या मैदानाच्या कडेने भिंतीला हात लावत चालायची. त्या सकाळी तिने फोन ठेवला आणि कपाटावरची बॅग काढायला स्टुलावर चढली. श्रीरंगने तिला खाली उतरवलं.

आजारी नातेवाइकासाठी मिळणारा व्हिसा मुंबईत लगेच मिळाला. तिकिटाचा प्रश्न मात्र होता. मुंबईहून थेट चेंगडूपर्यंत जाता येत होतं. तिथून लान्झोला दुसरं विमान. एक पर्याय असा की चेंगडूला रात्र काढायची आणि सकाळच्या विमानाने जायचं. दुसरा असा की उतरल्या उतरल्या धावपळ करून त्याच संध्याकाळचं शेवटचं विमान गाठायचं. चीनमध्ये ज्या शहरात पहिल्यांदा उतराल तिथेच सगळे सोपस्कार होतात. बोटांचे ठसे, पासपोर्ट, सामान, कस्टम, आणि मग देशांतर्गत विमानासाठी पुन्हा सुरक्षा तपासणी. मधला वेळ कमी होता.

"सांधा काय म्हणतोय?" शुभदाने विचारलं.

श्रीरंगने फोन तिच्यापुढे धरला. दोघांची शक्यता पिवळ्या रंगात होती. जमेल, पण खात्री नाही.

"संध्याकाळचंच काढा," ती म्हणाली.

सांधा हे नाव पुण्यातल्या लोकांनी दिलेलं. प्रणाली जगभरची होती, प्रत्येक भाषेत तिला वेगळं नाव. पूर्वी विमान बदलायला किती वेळ पुरतो याचा प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला आकडा असे. तो सगळ्यांना सारखाच लागू, मग माणूस धावपटू असो नाहीतर काठी टेकत चालणारा. सांधा आला आणि तो आकडा गेला. सांधा प्रत्येक मोठ्या विमानतळाची हुबेहूब प्रतिकृती संगणकात चालू ठेवतो. खऱ्या विमानतळावर कुठली खिडकी उघडी आहे, कुठला सरकता जिना बंद पडलाय, कुठल्या रांगेत किती माणसं आहेत, हे सगळं क्षणोक्षणी त्या प्रतिकृतीत उतरतं. मग सांधा त्या प्रतिकृतीत तुम्हाला सोडतो. तुमची चाल त्याला ठाऊक असते, कारण खिशातला फोन वर्षानुवर्षं तुमच्या पावलांची लय टिपत आलेला असतो. वरच्या हवेतल्या वाऱ्यांवरून तुमचं विमान कधी टेकेल हेही त्याला कळतं. या सगळ्यातून तो तुमचा पुढचा प्रवास हजारो वेळा घडवून बघतो, दर वेळी थोडासा वेगळा, आणि त्यातल्या किती वेळा तुम्ही गेटवर वेळेत पोचलात ते मोजतो. तीच तुमची शक्यता.

ती क्वचितच चुकायची. त्यामुळे पुढची गोष्ट आपोआपच घडली. जो पोचणार नाही असं सांधा सांगेल, त्याची जागा तो आकाशात असतानाच दुसऱ्या कुणाला तरी द्यायला विमान कंपन्यांनी सुरुवात केली. पहिल्याच्या फोनवर सकाळचं तिकीट आणि हॉटेलची खोली आधीच येऊन पडलेली असायची. रिकाम्या खुर्च्या घेऊन विमानं उडायची थांबली. गेटवर भांडणं, रडारड होईनाशी झाली. श्रीरंगने हे सगळं तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कौतुकाने शिकवलं होतं.

मुंबईहून विमान उशिरा सुटलं. म्यानमारच्या वर असताना शुभदाच्या मांडीवरचा फोन थरथरला, पाठोपाठ श्रीरंगचाही. पिवळ्या रंगाचा लाल झाला होता. खाली ओळ होती: एकत्र प्रवास केल्यास दोघांच्या जागा सोडून देण्यात येतील. वेगळे केल्यास श्रीरंग आवटी यांची जागा राखता येईल. दोघांची संमती आवश्यक.

"माझ्यामुळे," शुभदा म्हणाली.

"तुझ्यामुळे कसलं. विमान उशिरा सुटलं."

"तुमचं हिरवं आहे. माझंच लाल आहे. बघा ना." तिने बोटाने दाखवलं.

श्रीरंगने हवाई सेविकेला हाक मारली आणि सगळं सांगितलं. मुलगी, रुग्णालय, डॉक्टर काय म्हणाले ते. ती मुलगी ओवीच्याच वयाची असावी. ती त्याच्या खुर्चीशी खाली बसली आणि नीट ऐकून घेतलं. म्हणाली, पुढचं विमान आमच्या हातात नाही, जागा सांधाच देतो. तिने चाकाच्या खुर्चीसाठी विचारून पाहिलं. ती आणणारा माणूस यायलाच इतका वेळ लागणार होता की शक्यता आणखी खाली गेली.

"मी जात नाही," श्रीरंग म्हणाला. "दोघं सकाळी जाऊ."

"वेडेपणा करू नका."

"तू एकटी रात्रभर त्या अनोळखी शहरात काय करणार?"

"झोपणार. हॉटेल देतायत." तिने त्याच्याकडे पाहिलं. "अहो, तिथे कुणीतरी आपलं माणूस असू दे तिच्यापाशी. लीन आहे, पण ती आपली आहे का?"

तिने आपल्या फोनवर बोट टेकवलं. मग त्याचा फोन त्याच्या हातात दिला आणि त्याच्याकडे बघत राहिली. श्रीरंगने खिडकीबाहेर पाहिलं. खाली सगळा ढगच होता. त्याने बोट टेकवलं.

विमान उतरलं तेव्हा सेविकेने त्याला सगळ्यांच्या पुढे, दारापाशी आणून उभं केलं. शुभदा मागे आपल्या खुर्चीत बसलेली त्याला दिसली. तिने हात वर केला. "पळा," असं ती म्हणाली असावी, ऐकू आलं नाही.

तो पळाला. बोटांचे ठसे, पासपोर्ट, कस्टमचा पट्टा. सुरक्षा तपासणीत त्याची फोन चार्ज करायची बॅटरी काढून ठेवली, तिच्यावर तिकडचा शिक्का नव्हता म्हणून. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. गेटवर पोचला तेव्हा लोक अजून आत जात होते. सांधाने सांगितलं होतं अगदी तेव्हाच तो पोचला होता.

त्याची खुर्ची खिडकीची होती. मधली शुभदाची. बराच वेळ ती रिकामी राहिली आणि मग एक तरुण मुलगी धापा टाकत आली आणि तिथे बसली. तिने हसून त्याला मान लववली, पिशवीतून संत्रं काढलं, अर्धं त्याला दिलं. नको म्हणायचं त्याला सुचलं नाही. तिने फोनमधून सांगितलं की तिला अगदी ऐनवेळी जागा मिळाली, उद्या तिच्या आजोबांचा वाढदिवस आहे, आजोबांना ती येणार हे माहीतही नाही. श्रीरंग म्हणाला, "छान." फोनने ते चिनीत सांगितलं. त्यानंतर तो संत्र्याच्या फोडी तशाच हातात धरून बसला.

लान्झोचा विमानतळ शहरापासून लांब आहे. तिथून आगगाडीने जावं लागतं. लीन त्याला घ्यायला आली होती. लहानखुरी मुलगी, डोळे सुजलेले. गाडीतून उतरताना त्याच्या हातातली बॅग तिने घेतली.

अतिदक्षता विभागाच्या दारात फोन बाहेर ठेवायला लावला. अंगावर निळा अंगरखा चढवला. आत पलंगाशेजारी ते यंत्र होतं आणि त्याच्या पारदर्शक नळ्यांमधून ओवीचं रक्त फिरत होतं, एका नळीतून जाताना काळपट, दुसरीतून येताना लाल. ओवी जागी होती. तिने त्याला पाहिलं, मग त्याच्या मागे दाराकडे पाहिलं.

"आई?"

"येतेय," श्रीरंग म्हणाला. "सकाळी येतेय. चेंगडूला थांबावं लागलं तिला."

मग ती थोडं बोलली. हळू, मध्येमध्ये थांबत. तो तिच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत राहिला. परिचारिकेने खूण केली तेव्हा तो बाहेर आला आणि शुभदाला फोन लावला.

तिने पहिल्याच घंटीला उचलला. "पोचलात?"

"पोचलो. भेटलो."

"जागी आहे का? बोलली का?"

श्रीरंग भिंतीला टेकून उभा होता. शुभदा कुठल्यातरी हॉटेलच्या खोलीत एकटी बसलेली त्याला डोळ्यांपुढे दिसली. आत फोन नेता येत नव्हता. मुलगी जागी आहे, तुलाच विचारतेय, आणि तुला तिच्याशी बोलता येणार नाही, हे तो तिला कसं सांगणार होता?

"गुंगीत आहे," तो म्हणाला. "औषधं दिलीयत. सकाळी आलीस की बोलशील."

"बरं." मग ती म्हणाली, "तुम्ही जेवलात?"

"हो. तू?"

"हो."

दोघांपैकी कुणीही जेवलं नव्हतं.

पहाट व्हायच्या आत ओवीच्या मेंदूत रक्तस्राव झाला. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून जे औषध द्यावं लागतं, त्याचा हा धोका असतोच, असं डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. तेव्हा ते स्वतः रात्रभर उभे राहून थकलेले दिसत होते. श्रीरंगला आत जाऊ दिलं. त्याने तिचा हात धरला. शेवटपर्यंत धरून ठेवला, आणि त्यानंतरही, परिचारिकेने अलगद सोडवेपर्यंत.

शुभदा सकाळी आली. लीनने तिला आगगाडीच्या फलाटावरच सांगितलं होतं, की सांगितलं नव्हतं पण तिला बघून शुभदाला कळलं होतं, ते श्रीरंगला कधी नीट समजलं नाही. ती रुग्णालयाच्या व्हरांड्यातून लंगडत येताना त्याला दिसली. उजवा पाय ती जवळजवळ ओढतच आणत होती. गुडघा इतका सुजला होता की सलवारीतूनही दिसत होता. त्याला वाटलं, प्रवासाने. ती त्याच्यापाशी आली, थांबली नाही, सरळ पुढे त्या खोलीत गेली.

तिने काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढचे काही दिवस कागदपत्रं, दूतावासाचे फोन, अंत्यसंस्कार यांत गेले तेव्हाही नाही. अग्नी तिथेच दिला. संस्थेतली माणसं आली होती. एका वयस्क शास्त्रज्ञांनी ओवीने लावलेल्या गवताची एक जुडी आणली होती, ती तिच्याबरोबर ठेवली. शुभदा त्या माणसापुढे हात जोडून बराच वेळ उभी राहिली. रडली नाही. श्रीरंगला तिची भीती वाटायला लागली होती.

परतीचं तिकीट काढताना सांधाने चेंगडूला लगेच जोडून मिळणारं मुंबईचं विमान सुचवलं.

"नको," शुभदा म्हणाली. "आता कशाची घाई आहे? राहू एक रात्र."

दुपारी ते चेंगडूला उतरले. अस्थींचा कलश श्रीरंगच्या खांद्यावरच्या पिशवीत होता, पुढे घेऊन दोन्ही हातांनी धरलेला. हॉटेलची बस यायला वेळ होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेच्या कडेला खुर्च्या होत्या, तिथे ते बसले. समोर देशांतर्गत गेटांची रांग होती. शुभदाचा फोन वाजला. तिने पाहिलं, आणि तो उलटा करून मांडीवर ठेवला.

"कुणाचा?"

"कुणाचा नाही. सांधाचं काहीतरी आहे."

बसचा निरोप असेल म्हणून त्याने फोन उचलला. पडद्यावर प्रश्न होता: आपल्या मागील भेटीत या विमानतळावर नोंदलेली चाल आपल्या नेहमीच्या चालीशी जुळत नाही. त्या वेळी आपला फोन दुसऱ्या व्यक्तीकडे होता का?

"हे काय विचारतंय?"

शुभदा समोर बघत होती. "माझ्याकडेच होता," ती म्हणाली.

"मग?"

"मी पळाले." तिने गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही गेल्यावर मी बसूनच होते विमानात. सगळे उतरले. ती विमानातली मुलगी म्हणाली, सावकाश या, तुमची गाडी हॉटेलकडे जाईल. मी बाहेर आले आणि मला वाटलं, बघू तरी. पासपोर्टची रांग केवढी होती, तेवढ्यात बाजूची खिडकी उघडली आणि त्या बाईने मलाच बोलावलं. मग पळालेच. पुढच्या तपासणीत सकाळचं तिकीट दाखवलं, त्यांनी सोडलं. गुडघ्यात काय होतंय ते कळतच नव्हतं."

"कुठवर गेलीस?"

तिने बोट केलं. "त्या तिथवर. त्या दारापर्यंत."

श्रीरंगने तिकडे पाहिलं. गेट बंद होतं, पुढे कुणी नव्हतं.

"उघडं होतं दार," शुभदा म्हणाली. "लोक जातच होते. माझ्या समोरून एक मुलगी धावत आत गेली. मी तिथल्या बाईला माझं नाव सांगितलं. तिने बघितलं आणि म्हणाली, तुमची जागा दिलीय. मी म्हटलं, मी आलेय ना पण. ती सारखी बघत होती पडद्याकडे, मग माझ्याकडे. तिलाही काही कळेना बिचारीला. सांधा म्हणत होता मी अजून रांगेत आहे म्हणून."

रोजची शुभदा रांगेतच असती. सांधाने तिला हजारो वेळा त्या प्रतिकृतीत सोडलं होतं आणि प्रत्येक वेळी ती शाळेच्या भिंतीला हात लावत चालल्यासारखी चालली होती. मुलगी मरणाच्या दारात असताना ती कशी पळेल हे त्याने कधी मोजलंच नव्हतं. फोनने कधी ते पाहिलंच नव्हतं, म्हणून पळणारा फोन तिच्याच हातात आहे हेही सांधाला पटलं नव्हतं.

"ती म्हणाली, एक करता येईल," शुभदा पुढे म्हणाली. "तिकीट एकत्र काढलेलं होतं आपण. एका घरातल्या दोघांना आपसात जागा बदलता येते, दार बंद होईपर्यंत. तुमच्या यजमानांना मी खाली बोलावते, त्यांच्या जागी तुम्ही जा. तिने तो आतला फोन उचललासुद्धा."

"मग?"

"मी नको म्हटलं."

श्रीरंगला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. "का?"

"तुम्ही उतरला असतात."

"अगं उतरलोच असतो. म्हणूनच तर."

"म्हणूनच नाही बोलावलं. एका शब्दाने काही म्हणाला नसतात, बॅग घेऊन खाली आला असतात. तुम्ही बाप आहात तिचे. मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते, उतरा?"

"मला विचारायचं तरी." त्याचा आवाज चढला. पलीकडच्या खुर्चीवरचा माणूस वळून बघायला लागला. "तू एकटीने ठरवलंस. मी तिथे बसलो होतो, त्या मुलीने दिलेलं संत्रं हातात धरून, आणि तू दाराबाहेर उभी. तुला काय अधिकार होता हे ठरवायचा? तिने तुला विचारलं होतं, शुभदा. आत गेल्या गेल्या पहिल्यांदा तुला विचारलं."

तो बोलून गेला आणि मग त्याला आपण काय बोललो ते कळलं.

शुभदाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "ती गुंगीत होती म्हणालात."

त्याने तिचा फोन परत तिच्या मांडीवर ठेवला.

"नव्हती?"

"नव्हती," श्रीरंग म्हणाला. "जागी होती. बोलत होती."

ती उठली. लंगडत समोरच्या गरम पाण्याच्या नळापर्यंत गेली, कागदी पेला भरला, परत आली आणि बसली. पाणी प्यायली नाही. पेला दोन्ही हातांत धरून ठेवला. ती आता कधीच आपल्याशी बोलणार नाही असं त्याला वाटलं, आणि आपली तक्रार असणार नाही असंही.

"काय म्हणाली?" तिने विचारलं.

"शुभदा."

"नेमकं काय म्हणाली ते सांगा. तुमच्या शब्दांत नको. तिच्या."

त्याने पिशवी छातीशी धरली. "आई, म्हणाली. मी म्हटलं येतेय, चेंगडूला थांबावं लागलं, सकाळी येतेय. मला वाटलं ती रडेल. तर म्हणाली, बाबा, तिला घाई करू देऊ नकोस. ती जिन्याने धावेल, तिला भान नसतं. गुडघा सुजेल तिचा." त्याने पिशवीवरची पकड बदलली. "म्हणाली, सावकाश ये म्हणावं. मी थांबते."

शुभदाच्या हातातला पेला तिरका झाला आणि पाणी तिच्या मांडीवर सांडलं. गरम होतं, पण ती हलली नाही. त्याने पेला तिच्या हातातून काढून घेतला. मग ती पुढे वाकली, सुजलेल्या गुडघ्यावर कपाळ टेकवलं आणि रडायला लागली. इतके दिवस न रडलेली. आवाज न करता, सगळं अंग हलत होतं. श्रीरंगने तिच्या पाठीवर हात ठेवला. जाणारे-येणारे थोडं वळसा घालून जात होते. कुणी थांबलं नाही.

बऱ्याच वेळाने ती सरळ झाली. ओढणीने तोंड पुसलं.

"मी थांबते म्हणाली?"

"हो."

"आणि?"

"आणखीही बोलली."

"सगळं सांगा. तुम्ही आत गेलात तिथपासून."

त्याने सांगायला सुरुवात केली. निळा अंगरखा, दारात ठेवून घेतलेला फोन, नळ्यांमधून फिरणारं रक्त. ओवीने केस कापून घेतले होते, ते त्यांना माहीत नव्हतं. आटपाडीच्या माळाबद्दल ती बोलली होती, कुठल्या महिन्यात गवत लावायचं ते सांगितलं होतं, आणि बाबा विसरेल म्हणून पुन्हा सांगितलं होतं. शुभदा मध्येच थांबवायची. कुठल्या बाजूला उभे होतात? ओठ कोरडे होते का तिचे? पाणी देऊ देत होते का? तो आठवून आठवून सांगत होता. काही गोष्टी त्याने पाहिल्या आहेत हे त्याला ती विचारेपर्यंत ठाऊकच नव्हतं.

काचेबाहेर, खाली रस्त्यावर हॉटेलची बस येऊन उभी राहिली. चालकाने खाली उतरून त्यांच्या नावाची पाटी धरली, थोडा वेळ वाट पाहिली आणि बाकीच्यांना घेऊन तो निघून गेला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"शेवटी हात धरला होतात ना तिचा?" शुभदाने विचारलं.

"हो."

"गरम होता?"

"होता," श्रीरंग म्हणाला. "बराच वेळ होता."